तीनच्या खेळात वारलेले सासरे

माझे सासरे माझ्या हातून एकदाच वारले, आणि तेही लग्नाच्या आधी.

त्याला कारण माझा प्रबंध. हळदीच्या पानावर पडणाऱ्या करप्यावर मी सांगलीत खोली घेऊन अडीच वर्षं लिहीत होतो. तो पुरा होईपर्यंत पोरगं सिनेमाचं तोंड बघणार नाही, असं गावी, उंब्रजला, आईनं म्हसवडच्या सिद्धनाथाला (मला न विचारता!) परस्पर सांगून टाकलं होतं. त्यामुळं प्रबंधाच्या बांधलेल्या प्रती ऑफिसात दिल्या आणि जो सुटलो तो थेट थिएटरात. आठ दिवसांत सहा सिनेमे! पहिल्यात नायिका बागेत गात होती आणि मी तिच्या मागच्या झाडाच्या पानांवरचे डाग मोजत होतो. दुसऱ्यात जरा माणसात आलो.

तिसऱ्यापासून मात्र वेगळीच पंचाईत सुरू झाली. नायिकेच्या जागी मला शालन बसवायची होती, आणि शालनचा चेहराच आठवेना!

शालन ही मेढ्याच्या सुभेदारमामांची मुलगी. आमची सुपारी फुटून सोळा महिने झाले होते. बघण्याच्या कार्यक्रमात तिनं पोह्यांची बशी पुढं केली होती आणि मी, घाबरून, पोह्यांकडं बघत बसलो होतो. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ‘पसंत आहे’ म्हणून टाकलं. तिला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही! अडीच वर्षं करप्यानं रात्रीची झोप नेली नव्हती; ती या एका प्रश्नानं नेली. मी तिला पसंत आहे का? मोठ्या धीरानं मी पत्र पाठवलं. उत्तर सुभेदारमामांच्या अक्षरात आलं : ‘शालन खुशाल आहे. करपा कसा आहे?’

सहाव्या सिनेमाच्या शेवटी नायकानं डोंगरावर उभं राहून तोच प्रश्न विचारला. नायिका मान खाली घालून ‘हो’ म्हणाली. सगळं थिएटर शिट्ट्या मारत होतं आणि मी एकटा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसणाऱ्या शेजारच्या आजोबांच्या साथीला होतो. दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याची एस.टी. धरली.

शालन तेव्हा शिवणाच्या क्लाससाठी साताऱ्यात आत्याकडं राहायची. आत्या दर बाजारच्या दिवशी तिला घेऊन तीनच्या खेळाला जाते, एवढं मला कळलं होतं. गेलो. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, आत्या दिसली आणि तिच्या पलीकडं एक वेणी. आत्या दहा मिनिटं उठली पाहिजे, बस्स! जागा धरायला ती शालनला बसवून जाणार, हे मी हिशेबात धरलं होतं. (अडीच वर्षं शास्त्र शिकल्याचा हा परिणाम.)

त्या वेळी कुणाला बाहेर बोलवायचं तर काचेवर मजकूर लिहून तो पडद्यावर दाखवायचे. मी दारावरच्या माणसाला गाठलं.

“कुनाचं नाव लिव्हू?”

आली का पंचाईत! चारचौघांत, पडद्यावर, बाईमाणसाचं नाव? आणि आत्याच्या यजमानांचं नाव मला ठाऊक नव्हतं.

“लिहा, मेढ्याच्या मंडळींना घरून बोलावणं आलंय.”

“ताबडतोब लिव्हतो. आमी समद्यास्नीच ताबडतोब लिव्हतो.”

मध्यंतरानंतर गाणं चालू असताना नायिकेच्या कपाळावर अक्षरं उमटली : ‘मेढ्याच्या मंडळींना घरून बोलावणे आहे. ताबडतोब बाहेर या.’

मी एक गोष्ट विसरलो होतो. खेळाच्या मधे ताबडतोब बोलावणं एकाच कारणासाठी येतं.

“दादा रंऽऽ माझ्या!” आत्यानं हंबरडा फोडला. बाजाराला आलेलं निम्मं मेढं त्या दिवशी थिएटरात होतं. ते सगळं उठलं!

“कोन गेलं रं?”

“सुभेदार! बहीन रडतीया न्हवं का!”

“आरं तिच्या! काल तर माज्याकडनं तंबाखू घेतली गड्या!”

दारापर्यंत पोचेतो सुभेदारमामा सकाळी अकराला, अंघोळीचं पाणी काढताना, छातीत कळ येऊन गेले हे नक्की झालं होतं. मी धावत पुढं झालो. “आत्या, तसं काही झालेलं नाही, ऐका...”

आत्यानं माझ्याच गळ्यात पडून टाहो फोडला. “पावनं! तुमी बी आला? उंब्रजपत्तूर बातमी गेली, म्हंजी खरंच गेला की वो दादा!”

झालं! मी स्वतःच पुरावा ठरलो. पंधरा माणसांनी मला मधे घालून स्टँडवर नेलं.

मेढ्याच्या गाडीत शालन माझ्या पुढं दोन बाकडी सोडून बसली होती. वेणीत अबोली होती, आणि हुंदक्यागणिक ती हलत होती. एकदा तिनं मागं वळून पाहिलं. डोळे सुजलेले, नाक लाल. आपल्या दुःखात हा माणूस धावत आला, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. सोळा महिने जो चेहरा आठवत होतो तो हा! तसं माझ्याकडं कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी ते एका जित्या माणसाला मारून मिळवलं होतं. खरं सांगायला मी तोंड उघडलं. (शेजारच्यानं पाठीवर हात ठेवला. “रडा, रडा. मोकळं व्हा.”)

मेढ्याला गाडी थांबली. स्टँडसमोर न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या तोंडाला साबण लावलेले सुभेदारमामा उठले.

“कोन गेलं गं?”

“तू!”

“मी? आन् मला कुनी सांगितलं न्हाई!”

पंधरा माणसं हळूहळू माझ्याकडं वळली. मी सगळं कबूल केलं. न्हाव्यानं वस्तरा हातात तसाच धरला होता, ते मला फारसं आवडलं नाही.

“कशापायी केलंस हे?” मामांनी विचारलं.

“शालनला एक विचारायचं होतं.”

“मग इचार. येवढी मानसं रडवलीस, आता मागं सरू नगंस!”

मी घसा खाकरला. कंडक्टरसुद्धा गाडी सोडेना. “मी... मी तुम्हाला पसंत आहे का?”

शालननं डोळे पुसले. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

“दुपारपत्तूर हुता,” ती म्हणाली. “आता इचार करून सांगती.”

त्या वैशाखात आमचं लग्न झालं. मुलं झाली, ती शाळेत जाऊ लागली. परवा तिचा मूड बघून मी हळूच त्या राहिलेल्या उत्तराची आठवण करून दिली. भाकरी थापताना ती वर न बघता म्हणाली, “येवढी कसली घाई लागलीया?”