तीन रविवारांची वेलची

आमचे हवालदार फौजेतून पेन्शनवर आले तेव्हा सोबत एक काळी ट्रंक, एक बिछाना आणि संध्याकाळी सातला बाटली उघडायची सवय घेऊन आले. मी नऊ वर्षं त्यांच्याबरोबर फॅमिली क्वार्टरमध्ये काढली. तिथे सात म्हणजे सात आणि दोन पेग म्हणजे दोन. गावी घाटनांदूरला आल्यावर सातचे आधी दुपारचे चार झाले, मग सकाळचे आठ.

एकदा अंबाजोगाईच्या दवाखान्यात त्यांना सलाईन चालू होतं. समोरच्या भिंतीवर कागद चिकटवलेला. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षरं जुळवत वाचला. दारू सोडू इच्छिणाऱ्यांची बैठक, दर रविवारी चार वाजता, खाली एका शाळेचं नाव.

हवालदार म्हणाले, "कशाला जायाचं? मी काय बेवडा हाय?"

ते फक्त वरच्या हुद्द्याचं ऐकतात. म्हणून मी गावातल्या रिटायर्ड सुभेदारसाहेबांकडे गेले. "साहेब, यांना ऑर्डर द्या," म्हटलं. बैठकीचं सांगितलं.

त्यांनी शाळेचं नाव विचारलं आणि हसले. "वहिनी, मी चार वर्सं झाली तिथंच जातोय."

मला वाटायचं, ते दर रविवारी देवीला जातात.

संध्याकाळी ते आमच्या दारात आले. "हवालदार, रविवारी दोन चाळीसला एसटी स्टँडवर रिपोर्ट."

"जी, साहब."

एवढ्यावरच काम झालं.

रविवारी त्या शाळेच्या वर्गात नऊ माणसं होती, पोरांच्या बाकांवर गुडघे वर काढून बसलेली. मी व्हरांड्यात बसले. दार उघडं असायचं. बैठक चालवायचा हरिबा, मेंढपाळ, अकरा वर्षं न प्यालेला. हवालदार सावधान उभे राहिले. नंबर, हुद्दा, नाव सांगितलं. पुढे म्हणाले, "मी पीत न्हाई. घेतो."

"आमी बी घेतच होतो, दादा," हरिबा म्हणाला. "घेता घेता मेंढरं कुठं गेली कळलं न्हाई. बसा. हितं हुद्दा चपलीसंगं बाहीर ठिवायचा. नुसतं नाव सांगायचं. दगडू, तू बोल आता."

दगडू म्हणजे आमचे सुभेदारसाहेब.

परतताना एसटीत हवालदार तापले. "साहेबांना दगडू म्हणतंय मेंढकं!"

"माझ्या आईनं ठिवलेलं नाव हाय, बे," सुभेदारसाहेब म्हणाले. "बस गप."

सात महिने एकही रविवार चुकला नाही. हवालदारांच्या हाताची थरथर थांबली. ते पुन्हा स्वतःची दाढी स्वतः करू लागले.

उन्हाळ्यात सुभेदारसाहेबांच्या भाच्याचं लग्न निघालं. मामा फौजी असला की लोक कॅन्टीनची रम मागतातच. साहेबांनी आणून दिली. "आणून देतो, पीत न्हाई," म्हणाले.

लग्नानंतरच्या रविवारी ते एसटीत वेलची चघळत बसले. वेलचीच्या मागे रमचा वास होता. मी हवालदारांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

घरी आल्यावर विचारलं, "वास आला न्हाई?"

"कशाचा?"

"तुमाला म्हाईत हाय."

"शिनिअरचा वास घेत न्हाईत," ते म्हणाले.

पुढचे दोन रविवार तसेच गेले. बैठकीत सुभेदारसाहेब सांगायचे, पाचवं वर्ष चालू आहे, थेंब घेतलेला नाही. सगळे टाळ्या वाजवायचे. हवालदारही वाजवायचे. मीही बोलले नाही. मला तर हुद्दाही आडवा येत नव्हता. साहेब उघडे पडले तर हवालदार पुन्हा एसटीत पाय ठेवणार नाहीत, एवढीच मला भीती. माझा माणूस वाचत होता, तेवढं मी पाहिलं.

चौथ्या रविवारी दोन चाळीसला साहेब स्टँडवर आले नाहीत. दोन पन्नासला गाडी सुटली. आम्ही चढलो नाही.

"साहेब लेट व्हत न्हाईत," हवालदार म्हणाले.

साहेबांच्या घरी गेलो तर ते न्हाणीत पडलेले. रक्ताची उलटी झाली होती. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेलं. चारच्या सुमाराला जीप त्या शाळेवरून गेली. वर्गाबाहेर चपला दिसल्या.

डॉक्टरांनी विचारलं, "यांचं लिव्हर आधीच खराब झालेलं आहे. पुन्हा कधीपासून प्यायला लागले?"

"मालूम नहीं, सर." हवालदार सावधान उभे होते.

"तीन आठवडे," मी म्हटलं.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाच वीसला सुभेदारसाहेब गेले.

गावातल्या माजी सैनिकांनी सलामी दिली. हवालदारांचा हात सगळ्यांत उशिरा खाली आला. पुढे आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. प्यायलेही नाहीत.

रविवार आला. ऑर्डर देणारं कोणी नव्हतं. मी काही म्हणाले नाही, पिशवीही भरली नाही. दोन वीसला त्यांनी बूट घातले.

वर्गात हरिबाने सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. मग विचारलं, कुणाला बोलायचं आहे. हवालदार उभे राहिले. सावधान नाही, बाकाला धरून. नंबर सांगितला नाही, हुद्दाही नाही.

"मी बाबुराव. दगडू तीन रविवार पिऊन आलता. मला वास आलता. मी टाळ्या वाजवल्या."

 हरिबाने व्हरांड्याकडे मान वळवली.

"माय, तुमी बी आत या."

आत एकच बाक रिकामा होता, साहेबांचा. मी त्यावर बसले आणि माझं नाव सांगितलं.