स्क्रीनच्या खाली धाकट्याचा नंबर

आमचा धाकटा गेला त्याला आता सात महिने होतील. त्याला नाव होतं चांगलं, पण घरात सगळे धाकटा म्हणायचे म्हणून गिऱ्हाइकंही धाकटेसाहेब म्हणायला लागली. साहेब कसला, दोन कॉम्प्युटर आणि ताईच्या शिवणाच्या दुकानामागची खोली. पुढे ताईचं मशीन, मागे याची कंपनी.

वडील शिंपी होते. दुकान वाढवायचं म्हणून त्यांनी एकदा भागीदार घेतला. तीन वर्षांत दुकान भागीदाराचं झालं आणि वडील तिथेच पगारावर बसायला लागले. त्या वर्षी ताईची शाळा सुटली ती सुटलीच. धाकट्याला मात्र तिने मशीन मारून मारून शिकवला.

तो शिकला, नोकरीला लागला, मग एक दिवस नोकरी सोडून आला आणि म्हणाला शिंप्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. कुणाचं माप काय, कुणाचं कापड कुठल्या फळीवर, द्यायचं कधी, सगळं त्यात. ताईने पहिल्यांदा ते बघितलं आणि पोट धरून हसली. मापं त्याने अक्षरांप्रमाणे लावली होती, उंची, कंबर, खांदा, गळा. ताई म्हणाली, "अरे, हातात टेप घेऊन माणूस काय बाराखडी म्हणतो का?" एक जण टेप लावत बोलत जातो, दुसरा लिहीत जातो, मान वर करायला फुरसत नसते. टेप जशी फिरते तशीच मापं पाहिजेत.

तेव्हापासून त्याने एक सवयच लावून घेतली. जो कुणी सॉफ्टवेअर घेईल त्याच्या दुकानात जायचं आणि अख्खा दिवस स्टुलावर बसून नुसतं बघायचं. तो शिंपी मग दुसऱ्याला सांगायचा. अशीच वाढली कंपनी, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात. जाहिरात नाही, बाहेरचा पैसा नाही, आलं त्यातच भागवायचं. आणि स्क्रीनच्या खाली लिहिलेलं, अडलं तर फोन करा, पुढे त्याचा स्वतःचा नंबर.

लोक काय, नंबर दिसला की लावतात. हा अंघोळीला गेला तरी फोन खिडकीत ठेवायचा. एकाने तर हे कापड धुतल्यावर आटेल का म्हणून विचारलं. धाकट्याने सरळ फोन ताईच्या हातात दिला.

दुकानं वाढली तसा त्याने एक जण कामाला घेतला. त्याला सगळे चष्मा म्हणतात. चष्म्याचा हात कामाला चांगला, पण शिंप्यांना धाकटाच पाहिजे. धाकटा वाळत चालला. छातीवरून हात फिरवायचा आणि पित्त झालंय म्हणायचा. ताईने तेच खरं मानलं.

अशात एक कोटवाला आला, असल्या छोट्या कंपन्यांत पैसा लावणारा. ताईच्या स्टुलावर बसला, उठला तेव्हा पँटला लाल दोरा चिकटलेला, कुणी सांगितलंच नाही त्याला. माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलायचं. म्हणाला आम्ही पैसा घालतो, तुम्ही आठ माणसं घ्या, थोडी मालकी आमची. आठवड्यात कळवा.

धाकटा संध्याकाळी पुढे आला, लोहचुंबक घेऊन खाली सांडलेल्या टाचण्या गोळा करत बसला. मग म्हणाला, "ताई, काय करू?"

ताईने सुईवरून नजरही काढली नाही. "वडिलांचं दुकान विसरलास?"

"नाही विसरलो."

"मग विचारतोस कशाला?"

त्याने टाचण्या डबीत टाकल्या, झाकण लावलं, म्हणाला, "बरं." दुसऱ्या दिवशी नाही कळवून टाकलं. आणि ताई वर्षभर सगळ्यांना सांगत फिरली की माझ्या भावाने कुणापुढे हात पसरला नाही.

डॉक्टरांनी छातीची तपासणी सांगितली होती. ती त्याने दोनदा पुढे ढकलली. तिसऱ्यांदा जायच्या सकाळीच एका दुकानातून फोन, शाळेच्या तीनशे गणवेशांची मापं एकात एक मिसळली, या म्हणाले. तो गेला. दुपारी ताईच्या फोनवर त्याचाच नंबर आला, म्हणून उचलताच ती म्हणाली, "जेवलास का?" पलीकडे तो दुकानदार होता.

धाकटा स्टुलावर बसल्या बसल्याच गेला होता.

महिन्याने चष्म्याने ताईला त्याची वही आणून दिली. एका पानावर मागच्या खोलीचं चित्र, चार खुर्च्या काढलेल्या. फोनजवळच्या खुर्चीवर लिहिलेलं, नवीन मुलगी, दहा ते सहा. चष्मा म्हणाला, "त्या कोटवाल्याला ते हो म्हणणार होते, ताई. ताईला विचारून येतो म्हणाले आणि पुढे गेले." दोन दिवस ताईचं मशीन बंद होतं.

मग तिने चष्म्याला नंबर काढून द्यायला बसवलं आणि एकेका शिंप्याला स्वतः फोन लावला. फोनवर माणूस ठेवायचाय, महिन्याला थोडे जास्त द्याल का. तिला वाटलं लोक कुरकुर करतील. जवळजवळ सगळे लगेच हो म्हणाले. एक म्हातारा शिंपी म्हणाला, "बाई, एवढंच होय? धाकटेसाहेब कधी बोललेच नाहीत." बाहेरचा पैसा नको होता ते एक ठीक. पण त्याने गिऱ्हाइकाला कधी विचारलं नाही, आणि त्याला काय पाहिजे ते ताईने विचारलं नाही. ताईला तेच खातं.

आता स्क्रीनवर मागच्या खोलीतल्या फोनचा नंबर आहे. नवीन मुलगी फोनजवळ बसते, चित्रात होती तिथेच. सहा वाजले की पर्स उचलते आणि येते ताई म्हणून निघून जाते. ताई मशीन थांबवून मागे जाते, त्या खुर्चीवर बसते. फोन एखाद वेळेस वाजतो आणि आपोआप बंद होतो. सकाळपर्यंत कुणाचं काही अडत नाही.