दोन पंच आणि एक वेबसाइट

माझ्या साडूंच्या हाताखालून गेलेली एकही वस्तू या जगात बिनखुणेची उरलेली नाही, आणि त्या वस्तूंमध्ये मीही आलो. माझ्या लग्नात चपलांच्या ढिगात नवरदेवाचा जोड हरवू नये म्हणून त्यांनी माझ्या कोऱ्या बुटाच्या टाचेवर खिळ्याने फुली ओढली होती. तो बूट मी पुढे तीन वर्षं वापरला, आणि मागून येणारा प्रत्येक माणूस आपली टाच वाचतो आहे असं मला तीन वर्षं वाटत राहिलं. चामोर्शीला त्यांच्या घरी डब्यांच्या झाकणांवर निळ्या रेघा आहेत, खुर्च्यांच्या बुडाला आकडे आहेत, आणि अंगणातल्या पपयांवर चुन्याचे ठिपके आहेत: एक ठिपका म्हणजे कच्ची, दोन म्हणजे हात लावायला हरकत नाही. चंद्रपूरला आमच्याकडे आले की पाणी प्यायच्या पेल्याला पहिल्यांदा रबर चढवतात. ते गेल्यावर दोनतीन दिवस आमच्या घरात कशाला ना कशाला बांधलेला दोरा सापडत राहतो. एकदा तर तो देवघरातल्या घंटेला सापडला.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. साडू वनखात्यात होते. एटापल्लीपासून चामोर्शीपर्यंतच्या जंगलात त्यांची सगळी उमर गेली, आणि तोडीला आलेल्या झाडाच्या बुंध्यावर सरकारी हातोड्याने ठसा उमटवणं हे त्यातलं मुख्य काम. निवृत्तीच्या दिवशी हातोडा परत करावा लागला, पण सुंभ जळाला तरी पीळ कुठे जातो? मात्र पहिले सहा महिने हा पीळसुद्धा गेल्यासारखा झाला होता. ते ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसत आणि बोलत नसत. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, त्यांना बोलतं करायला एक दिवस भाजीत मुद्दाम मीठ घातलं नाही. ते निमूट जेवले आणि हात धुवून पुन्हा भिंतीपाशी जाऊन बसले. त्या दिवशी ताई रडल्या.

त्यांना बाहेर काढलं ते मोबाईलने. धानावरच्या रोगाचा व्हिडिओ, जाळं विणायची नवी रीत, सातबारा कुठे पाहायचा, असं काही चांगलं दिसलं की ते हरखून जात आणि दुसऱ्या दिवशी तेच सापडेना म्हणून घर डोक्यावर घेत. मी कॉलेजात मुलांना कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे या गुन्ह्यातला आरोपी घरचाच मिळाला. एका रविवारी पहिल्या एसटीने ते चंद्रपूरला आले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "साडभाऊ, जंगलात मले एक झाड दोनदा शोधा लागलं नाई. अन् इथी कालचं पान आज सापडत नाई. काऊन?"

मग त्यांनी योजना सांगितली. प्रत्येकाने आपल्याला सापडलेल्या चांगल्या पानावर खूण बांधायची, सगळ्यांच्या खुणा एकाच जागी सगळ्यांना दिसायच्या, आणि ज्या पानावर जास्त खुणा ते वर. मी मास्तरकीच्या सुरात सांगितलं की अशा साइट परदेशात केव्हाच झाल्या, काही बंदही पडल्या. त्यावर ते म्हणाले, "तिकडच्या लोकायले काय सापडलं ते तिकडचे पाहून घेतीन. आपल्या खेड्यातल्या माणसाले काय सापडलं, हे आपल्याले कोण सांगन?" मी हो म्हणून बसलो. अट मात्र त्यांनीच घातली. यंदा मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला साइट सुरू करायची, आणि पुढच्या वर्षीच्या यात्रेपर्यंत एका तरी पानावर दहा माणसांच्या खुणा एकत्र दिसल्या नाहीत, तर साइट बंद. "मंग हा मोबाईल तुमच्या हाती देतो अन् गप बसतो."

संध्याकाळी ताईंचा फोन आला. "भाऊ, काईही करा, पण यायले गप बसवू नोका. यायचं गप बसनं मी पाह्यलं हाय." मी त्याच आठवड्यात कामाला लागलो.

साइटचं नाव त्यांनी ठेवलं 'आपली खूण'. चित्रही त्यांनीच ठरवलं: मोहाचं झाड आणि त्याच्या बुंध्याला पळसाच्या सालीची गाठ. कोणी पानावर खूण केली की पानाशेजारी ते झाड उगवायचं, आणि गाठीखाली खूण करणाऱ्याचं नाव. उद्घाटन अर्थातच मार्कंड्याला, यात्रेच्या दिवशी, वैनगंगेच्या काठावर. नारळ फुटला, पेढे वाटून झाले, आणि मग लक्षात आलं की यात्रेच्या गर्दीत मोबाईलला रेंजच नाही. साडू डगमगले नाहीत. असं होणार हे धरून त्यांनी वेबसाइटचा फोटो आधीच छापून, वर प्लास्टिक चढवून आणला होता. तो हातोहात फिरला. लोकांनी कागदावरची बटणं मनापासून दाबली. परत आला तेव्हा त्यावर हळदकुंकू होतं आणि एका कोपऱ्याला साखरफुटाणा चिकटलेला होता. साडू म्हणाले, "सुरुवात बेस झाली."

खरी मजा पुढे सुरू झाली. साइटवर तक्रार लिहायला मी एक रकाना ठेवला होता. साडूंचा त्यावर काडीइतका विश्वास नव्हता. "माणूस तोंडावर गोड बोलते. खरं पाठीमागं बोलते. म्हणून मी पाठीमागं उभा राह्यतो." आणि ते खरोखर पाठीमागे उभे राहू लागले. न्हाव्याच्या दुकानात, तहसीलच्या रांगेत, चहाच्या टपरीवर, जिथे कोणी मोबाईल काढून 'आपली खूण' उघडेल तिथे त्याच्या खांद्यामागे साडू. आणि तक्रार सापडली की जन्मभराच्या सवयीने तिचा रीतसर पंचनामा व्हायचा, दोन पंचांच्या सह्यांसकट. ते कागद दर रविवारी एसटीने माझ्याकडे येत. एक अजून माझ्याजवळ आहे: "सदर इसम नामे पांडुरंग हा तलावात डोंग्यावर उभा असता, डावा हात जाळ्यात गुंतलेला असल्याने उजव्या हाताच्या अंगठ्याने बटण दाबण्यास गेला. परंतु बटण डावीकडे वरच्या कोपऱ्यात आढळून आले. सबब इसम पाण्यात पडता पडता वाचला. पंचांनी समक्ष पाहिले." मी बटण उजवीकडे खाली आणलं. मग अक्षरं बारीक असल्याचा पंचनामा आला. मी अक्षरं वाढवली, तर एवढी वाढली की एका वेळी एकच ओळ दिसू लागली, त्याचा वेगळा पंचनामा. साइट उघडल्यावर राम राम म्हणत नाही, हाही एक. रेंज कमी असलेल्या गावात चित्रं उघडेपर्यंत भात शिजतो, हा दुसरा. त्यांच्या या सरकारी भाषेला मी बायकोजवळ पोटभर हसत असे. पण खरं सांगतो, कॉलेजात मी मुलांना जे वर्षभर शिकवतो त्यापेक्षा त्या कागदांत जास्त शहाणपण होतं. एकही तक्रार खोटी निघाली नाही.

साइट सुधारत गेली. लोक येत होते, पानं जमा करत होते, तोंड भरून कौतुक करत होते. पण दिवाळी उलटली तरी एक गोष्ट काही केल्या घडेना. कुठल्याही पानावर दुसरी खूण पडेना. त्या डोंग्यावरच्या पांडूने धानाच्या करपा रोगावरचं फार उपयोगाचं पान लावलं होतं. त्यावर पांडूची एक गाठ, बस्स. खाली उतरत जावं तर जिकडेतिकडे एकेक मोहाचं झाड आणि एकेकच गाठ. मला वाटलं माझ्या कामात चूक आहे. मी सगळं उसवून पुन्हा शिवलं. चूक नव्हती. साडूंचे कागद विरळ होऊ लागले. एका रविवारी ते आलेच नाहीत. मी फोन केला, तर ताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "ओसरीवर बसले हाये." कोणत्या दिशेला तोंड करून, हे मी विचारलं नाही.

त्या रविवारी मीच चामोर्शीला गेलो. साडूंना अक्षरशः उठवून, पंचनाम्याची वही त्यांच्या हातात देऊन बाजारात नेलं. तिथे तुळसाबाई मासळी विकत बसली होती. उन्हाळ्यात हीच बाई जंगलात मोहफुलं वेचते, आणि आमच्या साइटवर तिने मोहफुलं स्वच्छ कशी वाळवायची त्याचं पान शेजारच्या पोराकडून लावून घेतलं होतं. साडूंनी मरगळल्या आवाजात विचारलं, "बाई, तुझ्याबी धानाच्या बांधीत करपा आला होता. पांडूचं पान पाह्यलं नाईस काय?"

तुळसाबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते भरबाजारात काही अभद्र बोलले होते. "त्याच्यावर पांडूची गाठ हाय ना, भाऊ. दुसऱ्याच्या मोहाखाली कोणी टोपली ठेवते काय? आमी काय चोर हाओ?"

शेजारच्या बाईने मान डोलावली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्या भागात मोहफुलं गळायच्या आधी माणूस आपल्या झाडाखालचा पाला झाडतो, बुंध्याला गाठ बांधतो, आणि मग ते झाड त्या हंगामापुरतं त्याचं. जंगल कोणाचंही असो, त्या झाडाखाली दुसरा वाकत नाही. लोकांनी हीच रीत इमानाने पाळली होती. आपलं पान लावायचं, दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा नाही. एक म्हातारबुवा तर करप्याचा व्हिडिओ पाहू द्यावा म्हणून सुपारी घेऊन पांडूच्या घरी परवानगी मागायला गेले होते.

मी कपाळाला हात लावला. साडूंनी मात्र वही उघडली. जन्म जंगलात काढलेल्या माणसाने मोहाच्या झाडाला गाठ काढली आणि तिचा अर्थ त्यालाच आठवला नाही. मग त्यांनी तिथेच, मासळीच्या पाटीशेजारी बसून पंचनामा लिहिला. "सदर चूक खाली सही करणाराची." तुळसाबाईचा अंगठा आणि माझी सही, असे दोन पंच झाले. अंगठ्याची शाई पुसत तुळसाबाई म्हणाली, "मोहाचं चित्र काढाच कायले? घोट गावच्या रस्त्यानं वळणावर दगडाचा देव हाय, त्याचं काढा. जानारा येनारा एकेक दगड ठेवते. एकानं ठेवला म्हणून दुसरा थांबते काय?"

एवढंच. एवढी साधी गोष्ट होती. त्या आठवड्यात मी झाडं काढून टाकली आणि दगडांची रास घातली. खूण केली की राशीवर एक दगड चढायचा. पांडूच्या पानावर पहिल्याच दिवशी तीन दगड पडले. साडूंनी फोन करून प्रत्येक दगड कोणाचा ते मला सांगितलं, जसं काही मला ते दिसत नव्हतं.

यात्रेच्या आदल्या दिवशी मी चामोर्शीला पोचलो तेव्हा ते अंगणात पपईखाली बसले होते. मोबाईल माझ्यापुढे धरला. पान त्यांनी स्वतःच लावलेलं होतं, मोहाच्या बियांपासून रोप कसं करायचं त्याचं. मला त्याबद्दल ते कधी बोलले नव्हते. राशीत अकरा दगड होते. एक ताईंच्या नावाचा होता, एक तुळसाबाईच्या. मी अभिनंदन करायला तोंड उघडलं, तर ते मान खाली घालून म्हणाले, "साडभाऊ, नोकरीत मी ज्या झाडावर खूण केली ते झाड दुसऱ्या महिन्यात तिथी नसे. नेमच होता, कोणाले दोष नाई. पण उमरभर वाटे, आपण हात लावलेलं एक तरी राहावं. हे राह्यलं." आणि मग डोळे पुसता पुसता ते दगडांखालच्या नावांची अक्षरं अजून बारीक दिसतात म्हणून माझ्यावर रागावले.

'आपली खूण' अजून चालू आहे. मोठी झाली नाही, होईल असंही वाटत नाही. काही दिवशी पाचसहा दगड पडतात, काही दिवशी एकही नाही. ज्या दिवशी एकही पडत नाही त्या दिवशी संध्याकाळच्या आत मी चामोर्शीला फोन लावतो आणि काहीतरी तक्रार सांगतो. बटण हलतं, रंग फिका दिसतो, राम राम दोनदा येतं, काहीही. साडू लगेच वही घेऊन घराबाहेर पडतात. पंचनाम्याला दोन पंच लागतात आणि चामोर्शीत मोकळी माणसं पटकन सापडत नाहीत, तेवढा त्यांचा दिवस जातो. माझी तक्रार खोटी असते हे त्यांना ठाऊक असावं, कारण हल्ली माझ्या तक्रारींच्या पंचनाम्यांवर कोपऱ्यात एक लहानशी फुली असते. ती माझ्या बुटाच्या टाचेवर होती तशीच आहे.