कोवळ्या माश्या

दवनीवाड्याच्या दुर्पताबाईंनी २००९ साली सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवल्या. शेजारच्या योगराजला त्यांनी चारदा बजावलं होतं, धान फुलोऱ्यावर आहे, औषध संध्याकाळी मार. त्याने भर सकाळी मारलं. पराग आणायला बाहेर गेलेल्या म्हाताऱ्या माश्या परतल्याच नाहीत.

आठवड्याभरात कोवळ्या, लव न झडलेल्या माश्या बाहेर पडू लागल्या. त्यांचं वय घरात अळ्यांना भरवायचं. बाईंनी प्रशिक्षणात ऐकलं होतं, म्हाताऱ्या माश्या घरात असल्या की कोवळ्यांच्या अंगातलं एक हार्मोन दबून राहतं. त्या गेल्या की ते वाढतं, मेंदू बदलतो आणि आठ दिवसांचं पोर मोठ्यांच्या कामाला लागतं. अशा माश्या लवकर मरतात. इकडे अळ्या उपाशी मरत होत्या.

बाईंच्या तक्रारीवरून नुकसानीच्या पाहणीला आलेले कृषी खात्याचे साहेब पेटीच्या तोंडाशी उभे राहून खूश झाले. "माश्या तर जोरात काम करून राहिल्या, बाई. नुकसान कुठं आहे?" कागदावर त्यांनी 'वसाहत सुदृढ' लिहिलं.

"माही माय मेली तवा मले सातवीतून काढून चुलीपुढं बसवलं," दुर्पताबाई म्हणाल्या. "तवाबी सारे असेच खूश होते. म्हनत, पोरगी किती लवकर शानी झाली."