अंगाईबंदीचा फतवा

समस्त मुलुंडकर मित्रमंडळींच्या निदर्शनास आणतो की, आज भरदुपारी माझ्या गायनावर बंदी घालण्यात आली आहे. बंदी घालणारी व्यक्ती अडीच वर्षांची असून माझी सख्खी नात आहे.

तिला झोपवायला चांदोबाचं गाणं घेतलं. दुसऱ्याच ओळीला तिने माझ्या तोंडावर तळहात दाबला. मनीमाऊचं घेतलं, पुन्हा हात. एक जुनं सिनेमातलं काढलं, तर दोन्ही हात! तासभर हेच. माझा खांदा भरून आला, घसा बसला, आणि पोरगी टक्क जागी.

शेवटी वैतागून, निदान तोंडपाठ आहे म्हणून, 'देवः देवौ देवाः' सुरू केलं. षष्ठी यायच्या आत बाईसाहेब गाढ झोपल्या.

लेक दारातून हसली. "झोपणारच ना! शाळेत आमचा अख्खा वर्ग झोपायचा ह्याच्यावर. पण बाबा, गाण्यांत तू प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द का गिळतोस रे?"

"वय झालं, विसरतो," म्हणालो.

खोटं बोललो. तो शब्द मी मुद्दाम सोडतो, नातीने म्हणावा म्हणून. तिने अजून एकही शब्द उच्चारलेला नाही. डॉक्टर म्हणतात, थोडं थांबा. लेकीसमोर मीही तेच म्हणतो, पण मला भीती वाटते.

तुमच्या घरी कोणी उशिरा बोलायला लागलं असेल, तर मला सांगाल का?