डाव्या घोट्यातली कळ

आधीच सांगते, मी एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये काम करते. सॅम्पल घ्यायचं, रीडिंग घ्यायचं, जुळलं नाही तर परत घ्यायचं. तरीही जुळलं नाही तर कारण शोधत बसायचं — आणि कारण सापडतंच. कुणीतरी पिपेट नीट धुतलेलं नसतं, नाहीतर मशीनचं कॅलिब्रेशन बिघडलेलं असतं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे बाहेरची बाधा, नजर, अंगारे यांवर माझा कधीच विश्वास बसला नाही. खरं तर आजही नाही. म्हणूनच तर जास्त वैताग येतो. विश्वास असता तर एखादा नारळ फोडून मोकळी झाले असते.

आमचं घर पोलादपूरपासून आत, डोंगराच्या पायथ्याला. नवरा, सचिन, नोकरीसाठी मुंबईत असतो आणि शनिवारी रात्री येतो. घरी मी आणि सासूबाई. मी स्कूटीने हायवेपर्यंत जायचे आणि तिथून कंपनीच्या बसने महाडच्या एमआयडीसीत. तीन वर्षांपूर्वी श्रावणात एका वळणावर वासरू आडवं आलं, ब्रेक मारला आणि बारीक खडीवरून गाडी सरकली. गाडी माझ्या डाव्या पायावर पडली आणि घोटा मोडला. महाडला ऑपरेशन झालं, प्लेट बसली. काही महिन्यांनी एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "हाड एकदम छान जुळलंय. चाला आता."

चालणार कशी? हाड जुळलं, पण दुखणं गेलंच नाही. घोट्याच्या आतल्या बाजूने एक कळ निघायची आणि तापलेली तार ओढावी तशी पोटरीतून गुडघ्यापर्यंत जायची. मग पाऊल गार पडायचं, जांभळट व्हायचं. पांघरुणाचं टोक लागलं तरी सहन व्हायचं नाही. पनवेलला जाऊन एमआरआय केला. क्लीन. रक्ताच्या तपासण्या, नसांच्या तपासण्या... सगळं नॉर्मल.

आणि एक गोष्ट होती जी मी कुणालाच सांगितली नव्हती. डॉक्टरांना नाही, सचिनलाही नाही. कळ यायच्या जरा आधी मला करपलेल्या दुधाचा वास यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी लॅबमध्ये होते, आणि कुणी चहा ठेवून विसरलंय का ते बघायला पँट्रीपर्यंत गेले होते. नंतर लक्षात आलं की हा वास फक्त मला येतो. सांगितलं असतं तर थेट वेड्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. तसंही 'हे सगळं मनाचं आहे' असं लोक म्हणायला लागलेच होते.

त्या काळात मला मिळालेले सल्ले लिहायचे तर वेगळा लेख होईल. कुणी हळदीचं दूध सांगितलं, कुणी निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला. लॅबमधली एक मैत्रीण रोज सकाळी पॉझिटिव्ह थिंकिंगचे व्हिडिओ पाठवायची, आणि ते बघून मला आणखी निगेटिव्ह वाटायचं. नणंद म्हणाली, शिवथर घळीत जाऊन शांत बसून ये, मन स्थिर होईल. सचिन मला घेऊनही गेला. पायऱ्या चढताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आत पोचल्यावर धबधब्याच्या आवाजात डोळे मिटून बसले, पण सगळा वेळ डोक्यात एकच... आता उतरायचं कसं?

सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. त्यांनी ते एकदाच, भाकरी थापता थापता सांगितलं. "तुझा रिपोट साफ हाय ना? मग दुखतंय काय?"

मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस बोलले नाही. बासष्ट वर्षांची बाई. कधी दवाखान्याची पायरी चढलेली नाही. भात लावायचं, कापायचं, डोंगरावरून लाकडं आणायची, वर येऊन माझ्या चहाला नावं ठेवायची. ज्याला कधी दुखलंच नाही त्याला काय सांगणार?

शेवटी महाडला एक फिजिओथेरपिस्ट सापडल्या, ऋजुता मॅडम. माझ्याहून लहान असतील. त्यांनी पहिल्यांदा मला पूर्ण बोलू दिलं. म्हणाल्या, तुमचं दुखणं खरं आहे, खोटं अजिबात नाही. हाड बरं झालं, पण शरीराची धोक्याची घंटा वाजायची थांबलेली नाही. ती हळूहळू शांत करायची. थोडे व्यायाम, आणि रोज संध्याकाळी वीस मिनिटं श्वासाकडे लक्ष देत बसायचं. दुखण्याशी भांडायचं नाही, पळायचं नाही, नुसतं बघायचं. त्यांनी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून मोबाइलवर दिलं. आणि अजून एक — पायाला स्पर्शाची भीती बसली आहे, ती जायला हवी. म्हणून त्या वेळात घरातल्या कुणीतरी शेजारी बसून पोटरीवर हलका हात ठेवायचा.

घरातलं कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला नकोच.

सासूबाई आल्या खऱ्या. रोज संध्याकाळी पडवीत मी भिंतीला टेकून पाय लांब करून बसायचे, त्या शेजारी मांडी घालून बसायच्या आणि माझ्या पोटरीवर हात ठेवायच्या. त्यांचा हात म्हणजे खरखरीत लाकूड. सुरुवातीला मी ओरडायचेच. मोबाइलमधून मॅडम शांतपणे म्हणायच्या, "श्वास आत... श्वास बाहेर... जे आहे ते असू द्या." आणि सासूबाई मध्येच म्हणायच्या की हिला एवढं सावकाश बोलायला कुणी शिकवलं, झोप येते. मला हसूही यायचं आणि चीडही. अशी शांतता मिळते का? पण एक दिवसही त्यांनी चुकवला नाही, हेही खरं.

काही महिने असे गेले. फरक होता, पण किंचित. पांघरूण सहन व्हायला लागलं. कळ मात्र यायचीच, आधी दूध करपल्याचा वास आणि मग ती.

मग गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत ते झालं. सासूबाई दिवसभर शेतात होत्या. दमलेल्या दिसत होत्या, मी म्हटलं आज राहू दे. म्हणाल्या, बसते गो, लाव तुझ्या त्या बाईला. मी रेकॉर्डिंग लावलं, डोळे मिटले. अर्ध्यात वास आला. मी मनाची तयारी केली. भांडायचं नाही, बघायचं. कळ निघाली, पोटरीपर्यंत आली... आणि त्यांचा हात होता तिथे थांबली. पुढे गेलीच नाही. मला अगदी स्पष्ट जाणवलं, पाण्याच्या पाइपवर कुणी पाय द्यावा तसं. मग पाय हलका झाला आणि ऊब आली. दोन वर्षांत माझा डावा पाय मला पहिल्यांदा उजव्यासारखा वाटला.

मी डोळे उघडले. सासूबाई त्यांचा हात दुसऱ्या हाताने चोळत होत्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, मुंग्या आल्यात, कोयता धरून धरून.

त्यानंतर मला ती कळ कधीही आली नाही. आजपर्यंत नाही.

मी वेड्यासारखी खूश होते. मॅडमना फोन केला, त्याही आनंदल्या. म्हणाल्या, कधीकधी सुधारणा अशी अचानक दिसते, इतक्या दिवसांचं काम असतं त्यामागे. पटण्यासारखं होतं. त्या आठवड्यात मी अंगणाबाहेर पायी गेले, काठीशिवाय.

आणि सासूबाई लंगडायला लागल्या.

मला वाटलं बांधावरून पाय घसरला असेल. पण त्या डावं पाऊल टेकवायच्या ते बाहेरच्या कडेवर, घोटा आत न वळवता. मी तसंच टेकवायचे. जिना चढताना मी आधी उजवा पाय टाकायचे आणि कठडा डाव्या हाताने उलटा धरायचे, अशी सवय कुणालाच नसते. त्याही तसाच धरायला लागल्या. एक दिवस त्यांचं पाऊल बघितलं. गार. जांभळट.

सचिनने महाडला नेलं. एक्स-रे साफ. रक्तवाहिन्यांची तपासणी केली, तीही साफ. मग काय, घरात सुरू झालं. नणंद फोनवर म्हणाली, वहिनीचे दोन वर्षं लाड झाले ते बघितले ना आईने, आता तिलाही हवेत. सचिन तोंडावर बोलला नाही, पण मला बाजूला घेऊन म्हणाला की आई तुझी नक्कल करतेय, मुद्दाम नाही गं, वय झालं की होतं असं. मी त्याच्यावर इतकी का खवळले ते त्याला अजून कळलेलं नाही. मी जे दोन वर्षं ऐकलं तेच आता त्या बाईला ऐकावं लागत होतं. आणि त्या वर्षी आमचं उरलेलं भात मजुरांनी कापलं. त्या पडवीत बसून लांबून बघत होत्या. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा, असं शेजारच्या काकू म्हणाल्या.

तरी मी स्वतःला समजावत होते. योगायोग असेल. रोज बघून बघून शरीर शिकतं, असंही असेल.

मग एका रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. गॅस बंद होता. सासूबाई दारातून आत आल्या, ओट्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दूध लागलं काय गो? करपल्याचा वास येतोय."

माझ्या हातातलं ताट खाली पडलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी दाराची चौकट धरली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. कळ कुठून निघून कुठे चालली आहे ते मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचत होते. ते फक्त मलाच वाचता आलं असतं.

मी त्यांना मॅडमकडे नेलं आणि पहिल्यांदा वासाबद्दल सगळं सांगितलं. मॅडमनी नीट ऐकलं. म्हणाल्या, शेजारी बसून रोज एखाद्याचं दुखणं बघणाऱ्याला तसंच दुखू शकतं, मेंदू तसं उचलतो. मी विचारलं, आणि वास? त्याबद्दल तर मी कुणाला बोललेच नव्हते. त्यांनी सासूबाईंच्या पावलाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या पायावर काम करते, चालेल?" उगाच काहीतरी ठोकून दिलं नाही, याबद्दल मी त्यांना मानते. पण घरी येताना मला रडू येत होतं. कुणीतरी काहीतरी सांगा ना!

मग मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, कारण माझ्यासारखीने असं करू नये. मी ते परत घ्यायचं ठरवलं. आता आम्ही जागा बदलल्या होत्या. सासूबाई भिंतीला टेकून, मी शेजारी, त्यांच्या पोटरीवर माझा हात, आणि मोबाइलवर तेच रेकॉर्डिंग. त्या श्वासाकडे लक्ष द्यायच्या आणि मी मनात म्हणत राहायचे, ये, माझ्याकडे ये, मला तुझी सवय आहे. रोज. काहीच व्हायचं नाही. माझा पाय ठणठणीत. एवढी चीड मला दुखत होतं तेव्हाही आली नव्हती.

एका संध्याकाळी रेकॉर्डिंग चालू असतानाच त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "काय मागतेस गो?"

मी म्हटलं, "काही नाही, आई."

त्यांनी माझा हात पोटरीवरून उचलला आणि माझ्याच मांडीवर ठेवला. "तुला कामाला जायचं असतं. हात नको लावूस."

मी अनेकदा विचारलंय. त्या दिवशी तुम्ही काही केलं का, काही म्हणालात का, कुणाला काही नवस बोललात का? त्या वैतागतात. म्हणतात, मी काय करणार, मी भाताचा विचार करत होते, कापून पडलेलं, वरून पाऊस येतो काय म्हणून. मग चहात साखर कमी पडली म्हणून मला बोलतात. सचिनला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, तू लॅबवाली, तूच असं बोलायला लागलीस? मैत्रिणीला सांगितलं तर तिने एका बाबांचा नंबर दिला. एकाला मी नको तेवढी भोळी वाटते, दुसरीला नको तेवढी शंकेखोर.

आता मॅडमच्या व्यायामांनी सासूबाईंना थोडं बरं आहे. अंगणाच्या फाटकापर्यंत जातात, शेतात मात्र नाही. श्वासाचं माझ्यापेक्षा त्याच मन लावून करतात. झोप येते असं आता म्हणत नाहीत. मी रोज बसने कामाला जाते, लॅबमध्ये उभी राहून टायट्रेशन करते, जिने चढते, आणि दर वेळी पाय टेकवताना मला त्यांची आठवण येते. रीडिंग जुळत नाही आणि परत घ्यायची सोय नाही. कारण मला सापडलेलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर खरंच सांगा, पण 'आईची माया' वगैरे लिहू नका. आमचं तसं काही नाही, आमचं कालच भांडण झालंय.

संध्याकाळी त्या बसतात तेव्हा मला पडवीच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी बसवतात. परवा मी हळूच थोडी जवळ सरकले. आवाज केला नव्हता, त्यांचे डोळे मिटलेले होते.

"तिथंच बस," त्या म्हणाल्या.