बिसेन मॅडमचा राग

वर्गात "समजलं, मॅडम" असं कोणी म्हटलं की बिसेन मॅडम भडकायच्या. बाकीच्या शिक्षकांना हे शब्द ऐकून बरं वाटायचं, फळा पुसून ते पुढच्या धड्याकडे वळायचे. बिसेन मॅडम मात्र हातातला खडू टेबलावर टाकायच्या आणि बोलणारीच्या बाकापाशी येऊन उभ्या राहायच्या.

"काय समजलं? यकृत कुठं हाय? ठेव हात."

मुलीचा हात घाबरून पोटाच्या डाव्या बाजूला जायचा.

"झालं! मारला पेशंट!"

वर्ग हसायचा. मॅडम हसायच्या नाहीत. त्या मुलीचा हात धरून उजव्या बरगड्यांखाली नेऊन ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे तुहं सोताचं शरीर हाय, पोरी. अठरा वर्षं झाली घेऊन फिरून राहिली. अजून पत्ता नाई ठाऊक?"

मी चिचगडची. आईवडील दुसऱ्याची धानाची जमीन ठेक्याने करत, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करत. बारावीपर्यंत माझं सगळं शिक्षण मराठीतून झालं. गोंदियातल्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा गावातून नर्स होणारी मी पहिलीच म्हणून घरी केवढा आनंद झाला. पहिल्याच महिन्यात तो आनंद माझ्यापुरता संपला. शरीररचना आणि शरीरक्रिया, म्हणजे अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, हा आमचा पहिल्या वर्षाचा मुख्य विषय. उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक. तेव्हा शिकवायला येणारे सर ते उघडून वाचायचे आणि म्हणायचे, "अंडरलाइन करो." आम्ही अंडरलाइन करायचो. क्लॅव्हिकल हा शब्द मी पन्नास वेळा लिहून पाठ केला होता. पण ते हाड आपल्याच गळ्याखाली, पदराला पिन लावतो तिथे असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

पहिल्या चाचणीत खेड्यापाड्यांतल्या जवळजवळ सगळ्या मुली नापास झाल्या. प्राचार्य वर्गात आले, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि म्हणाले, "गाँव की लड़कियों से ये सब्जेक्ट होता ही नहीं. मैं तो पहले से बोलता हूँ." आम्ही माना खाली घातल्या. आमच्याने होत नाही, हे आम्हाला खरंच वाटलं. या गोष्टीचा मला आज जितका संताप येतो तितका दुसऱ्या कशाचाच येत नाही. त्यांनी तसं म्हटलं याचा येतोच, पण आम्ही ते पटवून घेतलं याचा जास्त येतो.

ते सर दिवाळीत नोकरी सोडून गेले आणि त्यांच्या जागी बिसेन मॅडम आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, काळ्यासावळ्या, सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट. गोंदियाजवळच्या मुर्रीहून स्कूटीवर यायच्या. बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात वॉर्ड सांभाळून त्यांनी स्वतःहून निवृत्ती घेतली होती. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. मला त्या शेवटपर्यंत "चिचगड" म्हणाल्या.

आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात एक हाडांचा सांगाडा होता. कपाटाला कुलूप आणि किल्ली प्राचार्यांच्या ड्रॉवरमध्ये. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी किल्ली मागितली.

"इन्स्पेक्शन के टाइम निकालेंगे," प्राचार्य म्हणाले. "लड़कियाँ तोड़ देंगी."

मॅडम वर्गात परत आल्या तेव्हा त्यांच्या नाकपुड्या थरथरत होत्या. "त्याले कुलपात ठेवलं हाय म्हनते. कायले? मेल्यावर बी त्याची सुटका नाई? असू दे. आपल्यापाशी चाळीस सांगाडे हायेत, बिनकुलपाचे." आणि त्यांनी आम्हा चाळीस जणींना उभं करून एकमेकींची हाडं मोजायला लावली. मनगट, कोपर, खांदा, गुडघ्याची वाटी. फळ्यावर इंग्रजी नाव, तोंडाने आमच्या झाडीपट्टीच्या झाडीबोलीतला अर्थ आणि बोटाखाली खरं हाड. त्या तासात पहिल्यांदा मला वाटलं, की हा विषय माझाही आहे.

पुढच्या आठवड्यात त्या खाटकाकडून बकरीची फुफ्फुसं घेऊन आल्या, श्वासनळीसकट. स्टीलच्या ट्रेमध्ये ती लालसर गोळा होऊन पडली होती. दोघी-तिघींनी तोंडाला रुमाल लावले. मॅडमनी नळीत सायकलच्या पंपाची रबरी नळी बसवली, दोऱ्याने घट्ट बांधली आणि मला म्हणाल्या, "चिचगड, मार पंप."

मी पंप मारला. तो मरगळलेला गोळा आमच्या डोळ्यांदेखत फुलत गेला, फिक्कट गुलाबी झाला, ट्रेच्या बाहेर आला. मी हात थांबवला आणि तो सावकाश खाली बसला.

"पाहिलं? चुलीपाशी फुंकणी घेऊन बसते ना तुमची माय, तिचं असं गुलाबी नाई राहत. धुरानं काळं होते. आता वॉर्डात दम लागलेली बाई आली, तर तिले पहिलं काय विचारसाल?"

"स्वयंपाक कशावर करता," मागून कोणीतरी म्हणालं.

"हे पुस्तकात हाय का?"

"नाही, मॅडम."

"मंग लिहून घ्या."

त्याच वेळी प्राचार्य दारात आले. त्यांनी ट्रेकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले. "मॅडम, ये कॉलेज है या कत्तलखाना?"

"सर, या पोरी दवाखान्यात जाऊन पेढे नाई वाटणार हायेत," मॅडम म्हणाल्या.

"और ये कौन सी भाषा में पढ़ाती हो आप? पेपर तो इंग्लिश में आता है."

"पेपर इंग्रजीत येते, सर. पेशंट झाडीतला येते."

हे वाक्य आम्ही हॉस्टेलच्या खोलीत महिनाभर एकमेकींना म्हणून दाखवत होतो. प्राचार्यांनीही ते लक्षात ठेवलं असावं, पण वेगळ्या कारणासाठी.

फेब्रुवारीत कॉलेजची तपासणी होती. त्या दिवशी सकाळी एक टेम्पो आवारात आला आणि त्यातून खोकी उतरली. आत मेंदू, डोळा, मूत्रपिंड, कान यांच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती. कुठल्यातरी दुसऱ्या कॉलेजातून एका दिवसापुरत्या आणलेल्या. सांगाडा कपाटातून बाहेर आला, त्याच्यावरची धूळ पुसली गेली. आम्हाला कडक इस्त्रीचे एप्रन घालायला लावले आणि प्राचार्यांनी ताकीद दिली, "पूछेंगे तो बोलना, हर हफ्ते प्रैक्टिकल होता है. इन्हीं मॉडल्स पे. समझ गए?"

तपासणीला आलेल्यांपैकी एक गृहस्थ सांगाड्यापाशी थांबले आणि नेमकं मलाच विचारलं, "यह हाथ में लेकर पढ़ा है?"

"जी सर. हर हफ्ते," मी म्हणाले. अडखळले नाही. वर मांडीचं हाड हातात घेऊन त्याचं नावही घडाघडा सांगितलं. प्राचार्य प्रसन्न हसले.

बिसेन मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, हा सांगाडा आज पहिल्यांदा बाहेर आला आहे. हे मॉडेल सकाळी टेम्पोतून आले. संध्याकाळी परत जातील. तुमच्या कागदावर लिहायचं असेल तर हे लिहा."

मग ते गृहस्थ हसले. "मैडम नाराज लगती हैं," असं प्राचार्यांकडे पाहून म्हणाले आणि सगळे जेवायला गेले. त्या खोलीत आम्ही चाळीस मुली होतो. एकीनेही "मॅडम खरं सांगतात" असं म्हटलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रकावर त्यांच्या नावाच्या जागी पांढरी पट्टी चिकटवलेली होती. कॉलेजला मान्यता मिळाली. नोटीस बोर्डवर अभिनंदनाचा कागद लागला आणि आम्हाला एकेक लाडू मिळाला. तो लाडू मी खाल्ला, हेही सांगून टाकते.

पुढच्या रविवारी आम्ही पाच जणी ऑटो करून मुर्रीला गेलो. मॅडम अंगणात बसून लाखोळीची डाळ निवडत होत्या. आम्हाला पाहून उठल्या नाहीत. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले.

"रडून कायले राहिली?" त्या म्हणाल्या. "तू खोटं बोलली त्याचा मले राग नाई. प्राचार्यापुढं तुही काय चालनार? राग याचा हाय का तू चांगलं बोलली. जीभ अडखळली नाई तुही. उद्या वॉर्डात बीपी न मोजता कागदावर लिहिशील, तेव्हा बी अशीच नाई अडखळनार. तिथं प्राचार्य नाई मरत, चिचगड. पेशंट मरते."

इतकं कोणी मला कधी बोललं नव्हतं. मला वाटलं, आता उठून जावं. पण त्यांनी डाळीचं सूप बाजूला सारलं आणि विचारलं, "मूत्रपिंडापर्यंत आलो होतो ना आपन? वह्या आणल्या का?"

वह्या आणल्या नव्हत्या. त्या आणखी चिडल्या. मग आत जाऊन मुलीच्या जुन्या वहीचे कोरे कागद फाडून आणले. त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत दर रविवारी आम्ही मुर्रीला जायचो. पाचाच्या अकरा झालो. मॅडमच्या घरी पोवारी बोली चालायची, आमच्याशी झाडीबोली, पुस्तकातलं इंग्रजी, आणि प्राचार्यांबद्दल बोलायचं झालं की हिंदी. आम्ही अकराही जणी पास झालो. कॉलेजने निकालाचा फलक लावला, त्यावर प्राचार्यांचा फोटो मोठा होता.

आता मी देवरी तालुक्यातल्या एका सरकारी रुग्णालयात आहे. मॅडमना अधूनमधून फोन करायचे. त्या कधी "कशी आहेस" विचारत नसत. "आज काय पाहिलं?" हा त्यांचा प्रश्न.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. मी बस पकडून गोंदियाला पोचले. मॅडम अतिदक्षता विभागात होत्या, नाकात ऑक्सिजनच्या नळ्या. मुलीने बाहेरच सगळं सांगितलं. आदल्या सकाळी त्यांचा जबडा दुखायला लागला, घाम फुटला, मळमळ झाली. त्या जवळच्या दुसऱ्या एका दवाखान्यात गेल्या. तिथल्या तरुण डॉक्टरला त्यांनी सरळ सांगितलं, "मला हार्ट अ‍ॅटॅक येतो आहे. ईसीजी काढा." तो म्हणाला, "आंटी, सीने में दर्द है क्या? नहीं ना? गैस है. टेंशन मत लो." त्यांनी तीनदा सांगितलं, मी नर्स आहे, मी हे शिकवते, बायकांना दर वेळी छातीत दुखत नाही. त्याने पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. त्या दिवशी पहाटे त्या न्हाणीघरात कोसळल्या.

मी आत गेले. मला वाटलं होतं, त्या थकलेल्या असतील. त्या संतापलेल्या होत्या. आवाज खोल गेला होता, पण डोळे तेच.

"चिचगड, कागद हाय का?"

"मॅडम, बोलू नका. आराम करा."

"आराम गेला खड्ड्यात. कागद काढ. लिही."

मी पर्समधून डायरी काढली. त्या थांबत थांबत सांगत गेल्या आणि मी त्यांच्या शब्दांत लिहीत गेले. बाई, वय एकोणसाठ. सकाळी नऊ वाजता डावा जबडा दुखला, दात दुखतो तसा. मग पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधे. थंड घाम. मळमळ. छातीत दुखलं नाही. पायातली ताकद गेल्यासारखं वाटलं. पेशंटने स्वतः निदान सांगितलं. ऐकलं गेलं नाही.

"कोनाचं नाव नको लिहू," त्या म्हणाल्या. "तो पोट्टा वाईट नाई. त्याले कोनं शिकवलंच नाई का बाई बोलते तर ऐकाले पाहिजे. पन तू नव्या पोरीले शिकवजो. हे पुस्तकात नीट नाई लिहिलेलं."

"होय, मॅडम."

"आनि शेवटची ओळ लाल पेनानं लिही. ऐकलं गेलं नाई, ते."

माझ्याकडे लाल पेन नव्हता. नर्सच्या टेबलावर शोधला, तिथेही नव्हता. "बाहेरून आणते," मी म्हणाले. त्यांनी हात हलवून नको म्हटलं आणि डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. हृदयाचा बराचसा भाग पहिल्याच दिवशी निकामी झाला होता, असं तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. पहिल्या काही तासांत आल्या असत्या तर, असंही ते म्हणाले आणि वाक्य अर्धंच सोडलं.

आमच्या रुग्णालयात दर वर्षी नर्सिंगच्या मुली शिकायला येतात, बहुतेक आसपासच्या गावांतल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना ते डायरीचं पान वाचून दाखवते. शेवटची ओळ निळ्या शाईतच राहिली आहे. ती वाचताना माझा आवाज चढतो, बाहेर रांगेतले लोक वळून बघतात. परवा एक डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, जरा हळू." मी ती ओळ पुन्हा वाचली, तेवढ्याच मोठ्याने.